डेबियन १२ वरून १३ वर गेल्यानंतर दोन पार्टिशन माउंट होत नाहीत, संगणक इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो

प्रश्न : ग्रंथघर

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातील एका डेस्कटॉपवर गेली काही वर्षे डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चालू होती आणि त्यावरच ग्रंथसूचीचा मारियाडीबी डेटाबेस आहे. या आठवड्यात तो संगणक डेबियन १३ वर नेला. पॅकेजे उतरवणे, बसवणे आणि जुन्या सेटिंग फाइलींबाबतची प्रश्नोत्तरे हे सगळे तक्रार न येता पार पडले. रीबूट केल्यावर मात्र पडद्यावर दीड मिनिट मोजणी चालते आणि मग इमर्जन्सी मोडचा संदेश येतो. तिथे पासवर्ड मागण्याऐवजी ‘रूट खाते बंद आहे’ असे सांगितले जाते आणि एंटर दाबले की पुन्हा तेच चक्र सुरू होते. संगणक सुरू होतानाच्या ग्रबच्या मेनूमधील रिकव्हरी मोडही याच ठिकाणी येऊन अडतो.

संगणकात २४० जीबीची साटा एसएसडी आहे. तिच्यावर ईएफआय, बूट आणि रूट अशी तीन पार्टिशन इन्स्टॉलरनेच केली होती. शिवाय १ टीबीची हार्ड डिस्क असून तिचे पहिले पार्टिशन ईएक्सटी४ आहे, ते आम्ही /डेटा येथे माउंट करतो, म्हणजे त्या फोल्डरला जोडतो. दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज काळातील स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे आहेत. बॅकअपसाठी यूएसबीची एक बाहेरची डिस्कही आहे. अपग्रेडपूर्वी तिच्यावर पूर्ण बॅकअप घेतला आणि सुरक्षिततेसाठी ती काढून कपाटात ठेवली. बूट होताना कोणते पार्टिशन कुठे माउंट करायचे ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधील इन्स्टॉलरच्या ओळी यूयूआयडीच्या, म्हणजे प्रत्येक पार्टिशनच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाच्या आहेत. आमच्या हाताने लिहिलेल्या तीन ओळी अशा :

/डेव्ह/एसडीबी१ /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स ० २
/डेव्ह/एसडीबी२ /जुने एनटीएफएस३ डिफॉल्ट्स ० ०
यूयूआयडी=… /बॅकअप ईएक्सटी४ डिफॉल्ट्स ० २

ग्रबच्या ओळीतील ‘क्वाएट’ काढून पाहिले तेव्हा /डेटा आणि /जुने यांच्यापुढे लाल अक्षरांत ‘फेल्ड’ आले, तर एका लांबलचक यूयूआयडीपुढे ‘टाइम’ आणि /बॅकअपपुढे ‘डिपेंड’ आले. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून /डेव्ह/एसडीबी१ हे ईएक्सटी४ म्हणून माउंट करायला गेलो तर ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ असा संदेश मिळाला. एका ओळखीच्या गृहस्थांनी राखीव सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमच्या मूळ माहितीची राखीव प्रत) ३२७६८ देऊन ई२एफएसके ही दुरुस्तीची आज्ञा चालवण्याचा सल्ला दिला आहे. तो अमलात आणण्यापूर्वी इथे विचारावे असे वाटले. डिस्क खराब झाली असेल का?


उत्तर १ : टर्मिनलकर

ई२एफएसके आत्ता चालवू नका, हे सर्वप्रथम. आपण दिलेल्या माहितीत डिस्क बिघडल्याची एकही खूण मला दिसत नाही.

एसडीए, एसडीबी ही अक्षरे डिस्कच्या सॉकेटला किंवा डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. बूट होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ज्या क्रमाने डिस्क सापडतात, त्या क्रमाने ती वाटली जातात आणि हा क्रम दर वेळी तोच राहील अशी हमी कर्नलने कधीच दिलेली नाही. डेबियन १२ मध्ये ६.१ हे कर्नल होते, १३ मध्ये ६.१२ आहे. दरम्यान डिस्क शोधण्याच्या वेळा थोड्या पुढेमागे झाल्या की एसएसडी एसडीबी होते आणि हार्ड डिस्क एसडीए होते. तसे घडले असल्यास एफएसटॅबमधील आपली पहिली ओळ एसएसडीचे ईएफआय पार्टिशन /डेटा म्हणून मागते आहे आणि दुसरी ओळ बूट पार्टिशनला एनटीएफएस समजते आहे. ईएफआय पार्टिशनवर व्हीफॅट असते, तिथे ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक असण्याचा प्रश्नच नाही. म्हणून ‘बॅड सुपरब्लॉक’. माउंटचा हा संदेश तसाही मोघमच आहे : चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय, खराब सुपरब्लॉक, सापडत नसलेला मदतनीस प्रोग्राम ही सगळी कारणे तो एकाच दमात वाचून दाखवतो आणि घाबरलेल्या माणसाच्या नजरेत त्यातले सर्वांत भयंकर तेवढे भरते.

खातरजमा सोपी आहे. लाइव्ह पेन ड्राइव्हवर एलएसबीएलके ही आज्ञा ‘-एफ’ पर्यायासह चालवा आणि प्रत्येक पार्टिशनचा प्रकार, लेबल व यूयूआयडी इथे लिहा. यात डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. अक्षरांकडे दुर्लक्ष करून आकार आणि प्रकार पाहा, कारण लाइव्हमध्ये पेन ड्राइव्हही एक अक्षर घेऊन बसतो. यूयूआयडीची लांबीही बरेच सांगून जाते. ईएक्सटी४ चा यूयूआयडी डॅश धरून ३६ चिन्हांचा असतो, एनटीएफएसचा १६ चिन्हांचा आणि व्हीफॅटचा मध्ये डॅश असलेला जेमतेम ९ चिन्हांचा.


उत्तर २ : जुनाडेबियनी

टर्मिनलकर यांचे निदान बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे त्या दीड मिनिटात आहे.

डिस्क जागेवर आहे पण चुकीची आहे, अशा वेळी माउंट लगेच नकार देते. तेव्हा दिसते ते ‘फेल्ड’. डिस्क जागेवरच नसते तेव्हा सिस्टिमडी (बूटच्या वेळी माउंट आणि सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ती येण्याची वाट पाहते. ही वाट मुळात ९० सेकंदांची असते आणि ती संपली की ‘टाइम’ आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या माउंटपुढे ‘डिपेंड’ असे लिहून येते. आपल्या पडद्यावर हे दोन्ही प्रकार एकाच वेळी आले आहेत, म्हणजे अडचणीही दोन आहेत. पहिल्या दोन ओळी अक्षरे बदलल्यामुळे पडल्या. तिसरी ओळ पडली ती मात्र बॅकअपची डिस्क कपाटात असल्यामुळे. तिचा अपग्रेडशी काडीचाही संबंध नाही. यूयूआयडीच्या दोन ओळी लिहून आपण थांबला असतात, तरी दीड मिनिटानंतर पुन्हा हाच इमर्जन्सी मोड दिसला असता आणि मग खरोखरच डिस्कवर संशय गेला असता.

एक माउंट न झाल्याने सगळा संगणक का अडावा, हा रास्त प्रश्न आहे. एफएसटॅबमधील प्रत्येक ओळीपासून सिस्टिमडी बूटच्या वेळी एक माउंट युनिट तयार करते आणि ‘नोफेल’ (माउंट न झाले तरी पुढे जा) लिहिलेले नसेल तर ते युनिट स्थानिक फाइलसिस्टिमच्या टार्गेटसाठी अनिवार्य धरते. ते टार्गेट पडले की इमर्जन्सी टार्गेट सुरू व्हावे, अशी नोंद मुळातच केलेली आहे.

आता आत शिरण्याचा मार्ग. डेबियन बसवताना रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड रिकामा सोडला तर रूट खाते बंद राहते आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडो या आज्ञेने प्रशासकाचे अधिकार मिळतात. रोजच्या वापराला हे उत्तम, पण इमर्जन्सी मोड आणि रिकव्हरी मोड दोन्ही रूटचाच पासवर्ड मागतात, त्यामुळे दोन्हीकडे दार बंद. उबुंटूच्या रिकव्हरी मेनूची सवय असलेल्यांना हे हमखास बुचकळ्यात टाकते. ग्रबच्या मेनूत डेबियनच्या ओळीवर असताना ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश असे जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. थेट रूटचे शेल मिळेल. तिथे रूट फाइलसिस्टिम केवळ वाचण्यासाठी जोडलेली असते, म्हणून आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ ही आज्ञा द्या, मग नॅनोने एफएसटॅब उघडा. मूळ फाइलची एक प्रत शेजारी ठेवायला विसरू नका.

तीनही ओळींपुढे तूर्तास हॅश चिन्ह टाका, ‘सिंक’ चालवा आणि ‘रीबूट -एफ’ करा. संगणक एकदा नीट उभा राहू द्या. या बॅशमध्ये बसून बाकीची दुरुस्ती करण्याचा मोह टाळा, विशेषतः तिथून एपीटी किंवा डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञा चालवू नका. त्या अवस्थेत बूट पार्टिशन माउंट झालेले नसते. कर्नल किंवा इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) नव्याने लिहिले गेले तर ते रूटवरील रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि ग्रब मात्र खऱ्या बूट पार्टिशनवरचे जुनेच वाचत राहते. हा गुंता नंतर उकलायला फार वेळ खातो, कारण वरवर सगळे जागच्या जागी दिसते.

एक महत्त्वाचे : संगणक उभा राहिला की मारियाडीबी आपोआप सुरू होऊ पाहील आणि त्या वेळी /डेटा रिकामे असेल. म्हणून बॅशमध्ये असतानाच ‘सिस्टिमसीटीएल डिसेबल मारियाडीबी’ करून ठेवा. डेबियन १२ मध्ये मारियाडीबी १०.११ होते, १३ मध्ये ११.८ आहे. आवृत्ती बदलताना डेटाबेस अर्धवट अवस्थेत हाताळला जाणे परवडणारे नाही.


ग्रंथघर :

दोघांचेही मनापासून आभार. एलएसबीएलकेचा निकाल टर्मिनलकर म्हणाले तसाच निघाला. एसडीबी१ वर ५१२ एमबीचे व्हीफॅट आहे, एसडीए१ वर ईएक्सटी४ आहे आणि त्याचे लेबल ‘ग्रंथ’ हे आम्हीच पूर्वी दिलेले आहे. लाइव्हमधून ते केवळ वाचण्यासाठी माउंट केले असता सर्व फोल्डर दिसले. जुनाडेबियनी यांच्या सूचनेप्रमाणे तीनही ओळी बंद केल्यावर संगणक सरळ लॉगइनपर्यंत आला.

आता ओळी पुन्हा कशा लिहाव्यात? इंटरनेटवर जिथे तिथे ‘सगळीकडे नोफेल लावा म्हणजे प्रश्नच मिटला’ असे वाचायला मिळते.


उत्तर ३ : जुनाडेबियनी

नोफेल सगळीकडे लावू नका. बॅकअपच्या डिस्कसाठी ते योग्य आहे, /डेटासाठी मी ते लावणार नाही.

/डेटाला नोफेल असेल आणि एखाद्या दिवशी हार्ड डिस्कची केबल सैल झाली, तर संगणक काहीच न झाल्यासारखा सुरू होईल. /डेटा हे रूटवरचे एक साधे रिकामे फोल्डर म्हणून दिसेल आणि जो प्रोग्राम तिथे लिहितो तो निमूटपणे रूटवर लिहू लागेल. दोन दिवसांनी कोणीतरी केबल नीट बसवील, खरी डिस्क त्या फोल्डरवर माउंट होईल आणि त्या दोन दिवसांचे काम तिच्याखाली झाकले जाईल. वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदींबाबत असे होण्यापेक्षा संगणक सकाळी इमर्जन्सी मोडमध्ये थांबलेला बरा. तो थांबला की निदान कळते तरी.

ओळी अशा लिहाव्यात :

यूयूआयडी=(ग्रंथ लेबलच्या पार्टिशनचा) /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स ० २
यूयूआयडी=(एनटीएफएसचा) /जुने एनटीएफएस३ आरओ,नोफेल ० ०
यूयूआयडी=(बाहेरच्या डिस्कचा) /बॅकअप ईएक्सटी४ नोऑटो,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस ० २

पर्यायांमध्ये स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, नाहीतर पुढचा शब्द वेगळा रकाना धरला जातो. यूयूआयडी नकलताना पार्टयूयूआयडी उचलला जाणार नाही याकडे लक्ष द्या. ब्लकआयडी या आज्ञेच्या निकालात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि घाईत दुसराच चिकटवला जातो. फाइल जतन केल्यावर ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चालवा. कुठला यूयूआयडी सापडत नाही, कुठले माउंटचे फोल्डर अस्तित्वात नाही आणि कुठे फाइलसिस्टिमचा प्रकार जुळत नाही, हे ती ओळीओळीने सांगते. बाहेरची डिस्क कपाटात असेल तर तिच्या ओळीबद्दल तक्रार येईल, तिकडे काणाडोळा करा. मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि ‘माउंट -ए’. रीलोड टाळू नका, कारण सिस्टिमडीजवळ बूटच्या वेळी वाचलेल्या जुन्या एफएसटॅबवरून बनवलेली युनिटेच असतात. हे सगळे चालू संगणकावर निभावले तरच रीबूट करायचे.

मारियाडीबीसाठी ‘सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी’ या आज्ञेने तिच्या युनिटमध्ये, युनिट विभागाखाली, ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा’ ही एक ओळ घाला. मग /डेटा माउंट झाल्याशिवाय डेटाबेस सुरूच होणार नाही. त्यानंतर सेवा पुन्हा एनेबल करा.

आणखी एक जुनी युक्ती. /डेटा आणि /बॅकअप माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरांवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवा. तसे केलेल्या फोल्डरात रूटलाही काही लिहिता येत नाही आणि डिस्क माउंट झाल्यावर तिच्या वापराला मात्र कोणतीही आडकाठी येत नाही. बॅकअपची स्क्रिप्ट डिस्क नसताना चुकून चालली तर ती तिथल्या तिथे अपयशी होते, रूट पार्टिशन काठोकाठ भरत नाही.


उत्तर ४ : सह्यकडा

विषय निघालाच आहे म्हणून पुढे डेबियन १३ वर जाणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, कारण लक्षण सारखे आणि कारण वेगळे असे या आवृत्तीत आणखी काही ठिकाणी होऊ शकते.

ज्यांचे डेटा पार्टिशन लक्सने कूटबद्ध आहे त्यांनी रीबूट करण्यापूर्वी सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप हे पॅकेज बसले आहे का ते पाहावे. पूर्वी हा भाग सिस्टिमडीतच होता, १३ मध्ये तो स्वतंत्र पॅकेजात गेला आहे. सिस्टिमडी त्याची शिफारस करते, त्यामुळे बहुतेकांकडे ते आपोआप येते. मात्र ज्यांनी एपीटीच्या सेटिंगमध्ये शिफारशीची पॅकेजे बंद ठेवली आहेत, त्यांच्याकडे ते येत नाही आणि मग क्रिप्टटॅबमधील नोंद तशीच राहूनही पार्टिशन उघडत नाही. तेव्हाही पडद्यावर वर दिलेला ‘टाइम’ आणि ‘डिपेंड’ हाच जोड दिसतो.

बूट पार्टिशन जुने आणि लहान असेल तर जागा आधीच मोजावी. डेबियनच्या १३ च्या प्रकाशन टिपणात बूट पार्टिशन किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळी जागा असावी असे सांगितले आहे. इनिटरामएफएस लिहिता लिहिता जागा संपली तर ते अपुरे राहते आणि पुढचा बूट रूट पार्टिशनपर्यंतही पोहोचत नाही.

/टीएमपी हे आता टीएमपीएफएस, म्हणजे मेमरीत असते आणि मेमरीच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत वाढते. अपग्रेडनंतरच्या पहिल्या रीबूटला जुन्या /टीएमपीमधील फाइली ‘गायब’ होतात त्या याच कारणाने. प्रत्यक्षात त्या रूटवर तशाच असून वर टीएमपीएफएस माउंट झालेले असते. रूट दुसऱ्या फोल्डरावर बाइंड माउंट केले की त्या दिसतात. ज्यांना जुनी पद्धत हवी त्यांनी टीएमपी.माउंट हे युनिट मास्क करावे.

बूट होताना दीड मिनिटाऐवजी सुमारे अर्धा मिनिट थांबून संगणक पुढे जात असेल, तर ते प्रकरण स्वॅपचे (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेचे) असण्याची शक्यता जास्त. स्वॅप पार्टिशन नव्याने बनवले की त्याचा यूयूआयडी बदलतो आणि इनिटरामएफएस-टूल्सच्या रिझ्यूम फाइलमध्ये जुनाच राहतो. तिथे नवा लिहून ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवावे.


ग्रंथघर :

/डेटा आणि मारियाडीबी दोन्ही व्यवस्थित सुरू झाले. रीबूटच्या वेळी आता एसएसडीला कधी एसडीए तर कधी एसडीबी हे नाव मिळते, पण त्याने काही अडत नाही. बाहेरची डिस्क जोडून /बॅकअप उघडले की ती आपोआप माउंट होते. /जुने हे केवळ वाचण्यासाठी माउंट होत आहे आणि स्कॅन केलेली कागदपत्रे उघडतात. पण एका सहकाऱ्यांना त्यात नवी स्कॅन टाकायची आहेत. ‘आरओ’ काढले की माउंट होत नाही आणि कर्नलच्या नोंदीत ‘व्हॉल्यूम इज डर्टी’ असे येते. ‘फोर्स’ हा पर्याय द्यावा का? हीच हार्ड डिस्क मधूनमधून दुसऱ्या, विंडोज १० असलेल्या संगणकालाही जोडली जाते.


उत्तर ५ : टर्मिनलकर

फोर्स देऊ नका. मागील वापरानंतर त्या पार्टिशनवरचे लिखाण पुरे करून ते नीट बंद झाले नव्हते, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे. डिस्क विंडोजच्या संगणकालाही लावता, त्यामुळे माझा पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिच्या गाभ्याची अवस्था हायबरनेशनच्या फाइलमध्ये जपून ठेवली जाते आणि जोडलेल्या एनटीएफएस पार्टिशनबद्दलची तिची समजूतही तिच्यासोबत गोठते. मधल्या काळात लिनक्सने त्या पार्टिशनवर लिहिले, तर विंडोज परत जागी झाल्यावर तिची जुनी समजूत आणि डिस्कवरची नवी स्थिती यांची टक्कर होते. एनटीएफएस३ ड्रायव्हर डर्टी पार्टिशनवर लिहायला नकार देतो तो यासाठीच. इथे तो आपली बाजू राखतो आहे.

विंडोजच्या संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवा. त्याने हायबरनेशन आणि त्यासोबत फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात. मग त्या ड्राइव्हवर ‘चेकडिस्क /एफ’ चालवू द्या, संगणक पूर्ण बंद करा आणि त्यानंतरच डिस्क काढा. एनटीएफएसफिक्स नावाची आज्ञा लिनक्सवरही मिळते, परंतु ती मोजक्याच विसंगती सुधारते, जर्नल रिकामे करते आणि खरी तपासणी विंडोजच्या पुढच्या बूटवर सोपवते. तिला चेकडिस्कचा पर्याय समजू नये. चेकडिस्क पुरी झाल्यावर एफएसटॅबमधून ‘आरओ’ काढा, डेमन-रीलोड करा आणि ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /जुने’ ही आज्ञा द्या. तेवढ्यानेही नकार आला तर डीमेसजी या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींतील शेवटच्या काही ओळी इथे उतरवा.